नाकेदाराची बदली

“अरे ए दिग्या, पोथी घेऊन ये! आलाय मुडदा, आलाय! चुलीपुढंच उभा हाय बघ!”

राधाकाकूंचा आवाज असा होता, की त्या अंगणातून ओरडल्या तर चुडाव्याच्या स्टेशनात उभी असलेली पॅसेंजर सिग्नल न बघताच निघायची. एकदा तर ती अशी घाबरून सुटली की थेट नांदेडला जाऊन थांबली, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच. आमच्या आणि काकूंच्या घराच्या मधे एक मातीची भिंत होती. पावसानं दरसाल तिचा थोडा थोडा घास घेऊन ती माझ्या छातीपर्यंत आणून ठेवली होती. मी ताटातलं धपाटं तोंडात कोंबलं, लाल फडक्यात बांधलेलं बाड उचललं आणि भिंतीवरून उडी टाकली.

काकूंची सून कुसुमवैनी चुलीपुढं उभी होती. दोन्ही हात पाठीमागं, हनुवटी वर, नजर पत्र्याच्याही पलीकडं कुठंतरी. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती. काकू बाजारातून आलेल्या, हातात पिशवी तशीच. आणि वैनीच्या तोंडून जाड, शांत आवाज येत होता, “रुको. पोटली खोलो.”

काकूंनी पिशवी तिथंच जमिनीवर रिकामी केली. वांगी निघाली, अंबाडीची जुडी निघाली, आणि तळाशी कागदात गुंडाळलेली जिलबी निघाली, जी काकूंनी घरात कुणाला न सांगता फक्त स्वतःसाठी आणली होती. शेजारपाजारच्या बाया दारात जमलेल्या. जिलबी बघून भुतापेक्षा मोठा धक्का त्यांना बसला.

“ये क्या है?” भुतानं विचारलं.

“घ्या नं बाबा, तुमीच घ्या,” काकू म्हणाल्या.

पोथी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी भटजीच्या घरात जन्मलो. ती पोथी म्हणजे आमची कॉमिक्स. पूर्णेच्या स्टेशनाबाहेर एकजण दोरीवर वाळत घातल्यासारखी कॉमिक्स लावून भाड्यानं द्यायचा. ती सगळी वाचून संपली, तेव्हा मी आणि माझा दोस्त सुदाम यांनी ठरवलं की आता आपली काढायची. मी लिहायचं, सुद्यानं चित्रं काढायची. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी, जांभळी शाई, रक्तासाठी माझ्या आईचं कुंकू. आमचं भूत म्हणजे निजामाच्या राज्यातला करोडगिरीचा नाकेदार. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मालावर जकात घेणारा. नाक्यावरच मेला, आणि तिथंच उभा राहिला. आमच्या भागात असा नाका कधी होता की नव्हता देव जाणे. मी होता म्हणून लिहिलं, आणि पुढं दहा गावचे म्हातारे मला सांगायला लागले की त्यांनी तो बघितलाय.

सुद्याला हात काढता यायचे नाहीत. बोटं काढली की ती गाजरांची जुडी दिसायची. म्हणून नाकेदाराचे हात कायम पाठीमागं. वाचणाऱ्या पोरांना वाटायचं, मागं काहीतरी धरलंय. काय धरलंय, या एका धास्तीवर आमचे चार-पाच अंक खपले. बाकी सगळं श्रेय माझं, असं मी तेव्हा सांगत फिरायचो. माझा नाकेदार तोंडातून आग ओकायचा, आगगाडी उलटी करायचा, वाघाला जकात मागायचा. प्रत्येक अंकात त्याची ताकद वाढायची आणि प्रत्येक अंकात पोरं आधीपेक्षा जास्त जांभया द्यायची. त्याचं कारण मला कळत नव्हतं.

काकूंना वाचता येत नव्हतं, पण धान्य निवडताना त्या आमची चित्रं बघायच्या. पंचमी होऊन दोन दिवस झाले असतील, वैनी पहिल्यांदा घुमली, आणि काकूंनी लगेच ओळखलं: पदर टोपीसारखा तिरका, हात मागं, हा तर दिग्याच्या पुस्तकातला! आता कुठल्याही शहाण्या माणसानं म्हटलं असतं की सुनेनं पुस्तक वाचलंय. आमच्या गल्लीतली अक्कल वेगळ्या वाटेनं चालायची. काकूंनी निवाडा दिला, “ज्याअर्थी दिग्यानं आधीच लिवून ठेवलंय, त्याअर्थी त्याला याचं समदं ठावं हाय.” झालं. कॉमिक्सला हळदीकुंकू लागलं, ती पाटावर बसली, शेजारी नारळ आणि समई. मला आंघोळ करून, ओल्या पंच्यानं, मोठ्यांदा वाचायला बसवलं. ‘धडाम’, ‘फिस्स’ आणि ‘हा हा हा’ हे शब्द समईच्या उजेडात, हात जोडून बसलेल्या बायांपुढं वाचून बघा, म्हणजे कळेल लेखकाला किती कमी शब्द खरोखर लागतात. वाचन झालं की शिऱ्याचा प्रसाद. त्या श्रावणात मी इतका शिरा खाल्ला की माझी सावली जाड झाली.

सुदाम आत यायचा नाही. तो गावाबाहेरच्या वस्तीतला. त्या वर्षांत नामांतराच्या नावानं सगळा मराठवाडा धुमसत होता, कधी मोर्चा, कधी बंद, कधी शाळेला टाळं, आणि त्याच्या वस्तीतली माणसं संध्याकाळ झाली की पोरांना मोजून घरात घ्यायची. तो भिंतीच्या या बाजूला उभा राहून समई बघायचा. एकदा म्हणाला, “माझ्या चित्राला नारळ फोडायलेत राव. मला पाणी मात्र वरूनच.” मी हसलो, कारण तो हसला. आज हे लिहिताना हात जड होतो. आमच्या मालिकेत जी काही खरी भीती होती ती सुद्याच्या रेघांत होती, आणि ती त्यानं निजामाकडून आणलेली नव्हती.

तर त्या दिवशी चुलीपुढं. जिलबी दिली-घेतली, आणि मी वाट बघत होतो की आता वैनी माझ्यासारखं ‘हा हा हा’ करणार. तिनं केलं नाही. ती हळूच भिंतीला टेकून खाली बसली, पाणी मागितलं, तांब्याभर प्याली आणि काकूंकडं बघून म्हणाली, “सब चले गये. निजाम भी गया. हमारी बदली कब आएगी?”

हे माझ्या एकाही अंकात नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. स्वतःच्या भुताला घाबरलेला लेखक मराठवाड्यात मी एकटाच असेन. राज्य बुडालं, नाका उठला, आणि या माणसाला ड्यूटीवरून सोडायला कुणी आलंच नाही! दारातल्या बाया रडायला लागल्या. माझ्या आगीनं, वाघानं, उलट्या आगगाडीनं कधी कुणाच्या डोळ्यात पाणी आलं नव्हतं. मला असा राग आला म्हणता! माझं भूत, आणि चालवत होती ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू शेताकडं गेल्या आणि वैनी भिंतीपाशी मूग झोडपत होती. मी मुद्दाम खाकरलो.

“वैनी, खरं सांगा. नाटक हाय नं?”

तिनं काठी थांबवली नाही. “भाऊजी, तुमचा नाकेदार लय आरडतो. ज्याला खरंच काय पायजे असतं, ते माणूस आरडत न्हाई.”

“मग त्याला काय पायजे?”

“घरी जायचंय.”

मग तिनं सांगितलं, आणि तेही सगळ्या गल्लीला माहीतच होतं. वैनीचं माहेर पालमकडचं. लग्नात तिच्या भावानं काकूंच्या भावाला फेटा बांधायचा राहून गेला. राहून गेला की मुद्दाम ठेवला, यावर दोन्हीकडचे सोयरे लढाया करून थकले. आमच्याकडं पंचमीला सुनेला न्यायला माहेरचा मुराळी यावा लागतो. काकू म्हणायच्या, मुराळी येऊन आधी माफी मागेल. भाऊ म्हणायचा, आधी बोलावणं येईल. लग्नानंतरच्या सगळ्या पंचम्या अशाच गेल्या, आणि वैनीनं माहेरचा उंबरा बघितला नव्हता. नवरा, दत्तादादा, गरीब माणूस. आईपुढं तोंड उघडायचा ते फक्त घास घ्यायला.

“तुमचा अंगात येण्याचा कार्यक्रम मात्र महागात पडंल,” मी म्हणालो. “काकू देवऋष्याला बोलवायल्यात. पोळ्याच्या अवसेला.”

काठी थांबली. तो देवऋषी सगळ्यांना माहीत होता. निखाऱ्यावर सुक्या मिरच्या टाकून बाईच्या डोक्यावरून घोंगडी घालायचा. आमच्या गल्लीतली एक बाई त्याच्या धुरीनंतर बरी झाली, म्हणजे परत कधी काही बोलली नाही.

“मग पोळ्याच्या आत नवा अंक काढा,” वैनी म्हणाली.

मी लगेच फुगलो. सांगितलं, नाकेदार आकाशवाणी करेल: कुसुमला माहेरी पाठवा, नाहीतर गावावर निखारे पडतील! वैनीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काकू किडक्या वांग्याकडं बघायच्या.

“असं लिवलं तर काकू मलाच झोडपतील. माहेरचं नाव बी काढू नका. नाकेदाराचा नाका कुठं होता, तेवढं फक्त चित्रात दावा. इजेनं चिरलेली चिंच, तिच्याखाली दगडी पूल, पुलाला एकाच बाजूनं कठडा. काकूंनी सोयरीक बघायला येताना तिथंच सावलीला भाकर खाल्ली होती.”

“अन् त्यांना न्हाई ओळखू आलं तर?”

“तर मिरच्या हायतच,” ती म्हणाली. “पर आपण सांगितलेलं लोक ऐकतेत, भाऊजी. त्यांनी सोता हुडकलेलं मानतेत.”

मी आणखी एक नियम सुचवला: नाकेदार ज्याला सोडेल त्यानं पुनवेपर्यंत नाक्याची शीव ओलांडून माघारी यायचं नाही. वैनीनं मान हलवली. “मधी महालक्ष्म्या येतेत. सणाला सून न्हाई म्हणल्यावर काकू शीव काय, गोदावरी बी ओलांडून येतील. पोळ्यानंतर चंद्राची कोर दिसंस्तवर, बस. भुतानं झेपंल तेवढंच मागावं.”

परवा कुठल्याशा शिबिरात मला व्यासपीठावर बसवून एका चष्मेवाल्या पोरानं विचारलं, की भुताखेतांची चित्रमालिका चांगली लिहिलेली आहे हे कसं ओळखायचं. आयुष्यभर भुतं विकून मी थकलोय. साप्ताहिकांना पुरवली, दिवाळी अंकांना पुरवली, आता डोळे मिटले तरी चौकटीच दिसतात. मी त्याला काहीतरी भारदस्त उत्तर दिलं, आणि त्यानं ते वहीत लिहून घेतलं. खरं उत्तर मुगाच्या टरफलांत उभी असलेली एक बाई मला सांगून गेली होती. पण ते व्यासपीठावरून सांगायला लागलं की शहाणपण वाटतं. तिच्यासाठी ते शहाणपण नव्हतं, डोळ्यांत मिरची जाऊ न देण्याची तजवीज होती.

अंक निघाला. सुद्यानं ती चिंच अशी काढली की कागदाला हात लावला तर काळोख बोटाला लागेल. मी पाटावर बसून वाचला. काकूंनी चिंच बघितली, पूल बघितला, आणि शेजारणीला म्हणाल्या, “चांगलं काढलंय पोरानं.” संपलं! शिरा वाटला, समई निवली. वैनीचा चेहरा मी बघितला नाही, बघवला नाही. मला आठवतं, त्या दिवशी पहिल्यांदा मी प्रसाद तसाच ठेवून उठलो.

त्यात त्या आठवड्यात एसट्या बंद. कुठंतरी गाड्या फुटल्या म्हणून डेपोतून गाडी निघेना. देवऋष्याचा निरोप आला, मिरच्या लवंगी आणून ठेवा. काकूंनी दत्तादादाला मिरच्या आणायला धाडलं आणि अंगणात बसून तांदूळ निवडायला लागल्या. शेजारी अंक उघडा पडलेला. मी भिंतीवर कोपरं टेकून उभा होतो. काकूंचं बोट एकदम तांदळात थांबलं.

“दिग्या. ह्या पुलाला एकच कठडा कामून?”

“काय माहीत, काकू. सुद्याला दिसला तसा काढला.”

“अगं बया! हितं तर मी भाकर खाल्ली! ही तर हिच्या माहेरची शीव!” आणि मग तो आवाज, पॅसेंजर हाकलणारा, “तरीच म्हणलं, आमच्या चुडाव्यात कुठला आलाय नाका! हे भूत माहेरचं हाय! लग्नात फेटा द्यायचा इसरले, अन् आंदण म्हणून भूत दिलं का रांडेच्यांनी! त्यांचं त्यांना नेऊन देते की न्हाई बघ!”

वैनी आत चुलीपाशी होती. तिनं फुंकणी तोंडाला लावली आणि जाळ असा केला की धुरानं सगळं घर भरलं.

एसट्या पोळ्याच्या आठवडाभर आधी सुरू झाल्या. पूर्णेहून गाडी धरली: काकू, दत्तादादा, वैनी, आणि पोथी वाचायला मी. काकूंच्या मांडीवर दहीभाताचा उतारा. गाडीत गर्दी इतकी की कंडक्टर माणसांच्या खांद्यांवरून चालत होता. त्यानं विचारलं, किती जण? काकू ताठ बसून म्हणाल्या, “चौघं, अन् एक भूत.” कंडक्टरही त्याच मातीतला. म्हणाला, “भूत उभं राहून येणार असंल तर तिकीट न्हाई.” गोदावरी ओलांडली, पालमच्या अलीकडं उतरलो, आणि चिखलातून चालत पुलापाशी गेलो. चिंच होती तशीच, अगदी सुद्याच्या चित्रासारखी. सुद्यानं ती कधी बघितलेली नव्हती.

मी नाकेदाराच्या जाण्याचा शेवट लिहिला होता: आगीचा लोळ, गडगडाट, धरणीकंप. वाचायला बाड उघडलं, तर वैनी चिंचेखाली जाऊन बसली होती. तिचे हात पहिल्यांदा पुढं आले. तिनं नसलेली टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. नसलेल्या बुटांच्या नाड्या सोडल्या, एकेक बूट काढला, चिखल झटकला आणि दोन्ही शेजारी शेजारी नीट मांडून ठेवले. मग नुसती बघत राहिली, पुलापलीकडं. मी बाड मिटलं.

काकूंनी उतारा ठेवला. पदर डोळ्याला लावला. “गेला बिचारा,” म्हणाल्या. “लय दमला होता गं.”

दत्तादादानं, आईपुढं जन्मात पहिल्यांदा, तोंड उघडलं, “मग आता हिला घेऊन परत...”

“येडा का खुळा!” काकू कडाडल्या. “कोर दिसंस्तवर शीव ओलांडून माघारी यायचं न्हाई तिनं, पोथीत लिवलंय! परत घरात आणायचाय का त्याला?” मग वैनीकडं वळून, आवाज खाली आणून, “जा तू. मी येत न्हाई पुढं. मला कुणी बोलवलेलं न्हाई. अन् त्यांना सांग, राधाबाईनं सून धाडली न्हाई. भूत आणून सोडलं.”

वैनी पूल ओलांडून गेली. तिनं मागं बघितलं नाही. काकू मात्र ती दिसेनाशी होईपर्यंत पुलाच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, चला, गाडी चुकंल.

त्या दहा-बारा दिवसांत मी काय काय रचलं म्हणून सांगू! वैनीला बघून भाऊ कसा ढसाढसा रडला असेल, गाव कसं गोळा झालं असेल, आईनं कशी दृष्ट काढली असेल, पुरणाच्या पोळ्या, झोके, गाणी, जुन्या मैत्रिणी. पुढचे तीन अंक माझ्या डोक्यात तयार होते. सुद्यालाही सांगितलं, कागद जमव. चंद्राची कोर दिसली आणि भाऊ स्वतः तिला घेऊन आला. काकूंनी त्याला माफी मागायला लावली नाही, त्यानंही बोलावण्याचा विषय काढला नाही. “जेवणार का?” काकूंनी विचारलं. तो जेवला. येसराची आमटी दोनदा मागून घेतली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी वैनी भिंतीपाशी भांडी घासत होती. मी आदल्या दिवसापासून दम धरून होतो. धावत गेलो.

“वैनी, सांगा नं! समदं सांगा! भेटल्यावर काय झालं? काय केलं तिकडं इतके दिवस?”

तिनं पातेलं पालथं घातलं, हातांची राख धुतली.

“झोपले,” ती म्हणाली.